सहाच्या सहा पंखे

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत, कोंबड्यासुद्धा. फोनवर तुझा बाप माझ्या हातून मध्येच फोन काढून घेतो, आणि हे त्याच्यासमोर बोलायचं नाहीये. अक्षर वाकडं आहे, लावून वाच. एवढं लिहितानाही मी उठून शेडमध्ये डोकावून आले. माझं बूड कधी टेकतंय का एका जागी.

तर काल दुपारी तुझा बाप खाद्य आणायला गेला आणि फोन खाटेवरच विसरला. डोकं मानेला चिकटलेलं आहे म्हणून, नाहीतर तेही विसरेल. मी शेडमध्ये गेले तर कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकतायत आणि सहातला एकच पंखा चालू. पंखे चालवायची ती भिंतीवरची काच म्हणते, आत गारवा आहे. आत टांगलेला उष्णता मोजायचा डबा बिघडलाय, हे नंतर कळलं. तुला फोन लावला तर तू वर्गात, फोन बंद.

तू सुट्टीत दाखवलं होतंस ते आठवलं. 'आपोआप'वरून 'हाताने'वर घ्यायचं, मग एकेका पंख्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. पण काच माझं बोट मानेचना. भांडी घासून घासून झिजलेली बोटं माझी, त्यात कोरडी ठणठणीत. करंगळी लावली, अंगठा लावला. शेवटी बोट जिभेला लावून दाबलं, तेव्हा घेतलं. पण पंखा हलेना, म्हणून परत दाबलं. तरी हलेना, परत दाबलं. पंखा सुरू व्हायला निघायचा आणि मीच त्याला बंद करायची, हे काही डोक्यात शिरेना. मग तू माझ्यावर वैतागली होतीस ते आठवलं. "आजी, एकदा दाब, हात काढ आणि थांब."

थांबणं मला जन्मात जमलंय का? भात शिजेपर्यंत दहादा झाकण उघडणारी बाई मी. दोन्ही हात काखेत दाबून धरले. पुढ्यात कोंबड्या धापा टाकतायत आणि मी नुसती उभी, जीव टांगणीला. मग बाहेरची झडप खडखडली आणि पंखा घोंघावला. मग दुसरा. मग सहाच्या सहा. पिसं, धूळ, माझे केस, सगळं उडत होतं आणि मी एकटीच वेड्यासारखी हसत होते.

परवा तू बापाला फोनवर म्हणालीस, नर्सचं शिक्षण सोडून परत येते, तिथे मला काही जमत नाही आणि इथे पंखे बघायला कोणी नाही. फोन मोठ्या आवाजावर होता आणि मी दाराआड होते. तो नको म्हणाला नाही, तेही ऐकलं. तर ऐक, पंखे बघायला मी आहे. त्यालाही शिकवतेय. तोही दोनदा दाबतो, शेवटी माझाच पोरगा. तू तिथे जाऊन एकदा दाबलंयस ना? अजून काही फिरत नाहीये, तर नसू दे. परत दाबू नकोस, बाळा. हात काढ आणि थांब.

तुझीच,
काखेत हात दाबून बसलेली
आजी