खुर्चीवाल्याचा विक्री विभाग

ती. मामांस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी तुम्हाला जिने चढायची बंदी केली, असं ऐकलं. खरं काय ते कळवा.

इकडे मी मोठा माणूस व्हायला गेलो, त्याची हकिगत. खुर्च्यांना वेत विणून देण्याचा माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. ई-मेलचा पत्ता मात्र अजून कॉलेजातलाच होता, 'हँडसम'ने सुरू होणारा. एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना वाचनालयाच्या सगळ्या खुर्च्या विणून घ्यायच्या होत्या. फोनवर त्यांना पत्ता सांगताना 'हँडसम'पर्यंत आलो. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "दुसरा नाही का?" झालं! दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं. तिथे हवे तेवढे पत्ते काढता येतात म्हटल्यावर माझा हात कसला थांबतोय! 'विक्री', 'तक्रार' आणि 'संचालक' असे विभागच उघडले. (सगळीकडे मीच, त्याच स्टुलावर बसून.)

बाईंनी विक्रीला विचारलं, काम कधी होईल? विक्रीने, म्हणजे मी, सवयीने लिहिलं, "होईल हो." बाईंनी तक्रार केली. तक्रार विभागाने दिलगिरी व्यक्त करून प्रकरण वर पाठवलं. वर संचालकाला, म्हणजे पुन्हा मलाच, असा काही चेव चढला की "संबंधित कारकुनास आजच कामावरून काढत आहे" असं ठोकून दिलं. फार बरं वाटलं हो मामा. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या हाताखाली होतं.

बाईंचं उत्तर आलं : "माझ्यामुळे कुणाच्या पोटावर पाय नको. त्यांना परत घेतलंत तरच खुर्च्या देईन. सोमवारी दुकानात येऊन त्यांना स्वतः भेटेन." एवढं मोठं काम हातचं जायची वेळ आली. त्यात तुमची भाचेसून एकच कप चहा समोर ठेवते आणि म्हणते, "सगळे विभाग वाटून घ्या."

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. सोमवारी सकाळी याल का? कारकून व्हायचंय. बोलायचं काही नाही, मान खाली घालून नुसतं उभं राहायचं. (मामींसमोर राहता तसं.)

ता. क. पाकीट बंद करतानाच बाईंची मेल आली. खुर्च्या त्या देणारच आहेत. पण असल्या दुष्ट संचालकाच्या हाताखाली त्या बिचाऱ्याने दिवस काढू नयेत, म्हणून शाळेच्या कार्यालयात त्याला नोकरी द्यायलाही तयार आहेत. पगारी रजा आहे, डोक्यावर पंखा आहे. तेव्हा मामा, बेत बदलला. येताना कोट घालून या. संचालक तुम्ही व्हा.