बाबांनी लावलेली कडी

१८ फेब्रुवारी

प्रिय खलाशीबुवा,

कसा आहेस? इंजिनरूममध्ये उकडून निघत असशील. मी बरी आहे. बाळही पोटात लाथा झाडतंय. फोन टाळला म्हणून रागावू नकोस. माझ्या आवाजावरून तू सगळं ओळखतोस, म्हणून हा कागदाचा आडोसा. कंपनीचा माणूस पुढच्या बंदरात तुझ्या हातात देईल.

बाबांना कांजिण्या झाल्या होत्या. तुला कळवू दिलं नाही त्यांनी. "तो काय पोहत येणार आहे?" म्हणाले.

बेकरीवालीची पोरगी गणवेशाचं माप द्यायला आपल्या दुकानात आली होती. अंगात जराशी कणकण, पण फोड एकही नाही. बाबांनी तिला स्टुलावर उभं केलं, तर ती त्यांच्या तोंडावरच शिंकली. दोघंही हसत सुटले. दुसऱ्या दिवशी ती फोडांनी भरली, आणि पंधरवडा उलटल्यावर बाबा.

"या वयात पोरांचा आजार! आता बालवाडीत घाला मला," असं म्हणता म्हणता त्यांचं माझ्या पोटाकडे लक्ष गेलं. "तुला झाल्या होत्या का गं लहानपणी?"

माझ्या आईला फोन केला. "तुला गोवर आला होता. कांजिण्या नाहीत," ती म्हणाली. हे ऐकलं मात्र, बाबा खोलीत गेले आणि आतून कडी लावली. "काय बोलायचं ते दाराआडून बोल."

वन्संना लहानपणी होऊन गेलेल्या, म्हणून त्या राहायला आल्या. मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "फोड यायच्या आधीचे एक-दोन दिवस त्यांच्याजवळ होतात?"

"रोज एकाच टेबलावर जेवतो आम्ही."

फोड दिसायच्या आधीच हा आजार श्वासातून पसरतो म्हणे. मला इंजेक्शन दिलं. "यानंही होणार नाही असं नाही. झालं तर निदान सौम्य जावं."

बाबांना मी दाराआडून सांगितलं, "काही भीती नाही म्हणाल्या."

"बघ, वेळेवर कडी लावली," ते म्हणाले आणि खोकले. तो खोकला मला आवडला नाही. दोन दिवसांत त्यांना जिना चढल्यासारखी धाप लागायला लागली, तीही पडल्यापडल्या. आजार फुफ्फुसात उतरला होता. लहान मुलं चार दिवसांत खेळायला लागतात, मोठ्यांना तो असा गाठतो. त्यात बाबांच्या सिगारेटी. दवाखान्यात कधी जरा बरं वाटायचं, कधी पुन्हा ऑक्सिजन.

मग एका सकाळी माझ्या पोटावर पाण्याच्या थेंबासारखा फोड दिसला. संध्याकाळपर्यंत पाठ भरली. मला त्याच दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं, औषध सुरू केलं. "आठवडाभर तरी बाळ बाहेर यायला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तातून त्याला आधी लढायचं बळ मिळू दे. आत्ता जन्मलं तर आजार त्याच्या जिवावर बेतेल." मधेच एकदा कळ आली. मी गुडघे आवळून, दात खाऊन पडून राहिले. कळ ओसरली. काल त्या म्हणाल्या, "आता कधीही येऊ दे." फुफ्फुसंही स्वच्छ आहेत माझी.

म्हणून आज लिहितेय. बाबा कसे आहेत हे मी अजून लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

माझ्या अंगावर फोड उठले त्या दिवशी त्यांनी वन्संना विचारलं, "सूनबाई ठीक ना?" "ठणठणीत आहे," वन्सं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले, रे. मी दोन खोल्या पलीकडे होते आणि मला जाता आलं नाही. तुला इतके दिवस कळवलं नाही, कारण त्यांची आणि माझी, दोन्ही बातम्या एकदम द्यायची माझी हिंमत नव्हती.

वन्संना विचारून घेतलंय. तुला कांजिण्या लहानपणी होऊन गेल्यात. ये, आणि सरळ माझ्याजवळ येऊन बस.

तुझीच,
आणि अजून जन्मायच्या तुझ्या लेकराची आई