ताठ उभे राहू नका

प्रिय बाबा,

परवा फोनवर मी "सगळं छान चाललंय" म्हणाले आणि तुमच्या शिलाई मशीनचा आवाज एकदम थांबला. तेव्हाच कळलं, तुम्हाला खरं वाटलेलं नाही. म्हणून हे लिहितेय. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा.

आधी माझं काम सांगते, कारण शेजारच्या चष्मेवाल्या काकांना तुम्ही "पोरगी मोबाईल बनवते" असं ठोकून दिलंय म्हणे! मोबाईल नाही हो, त्यातलं एक अ‍ॅप. पदवीनंतर पुढे शिकणाऱ्यांना आपल्या विषयातली माणसं सापडावीत, ओळख नसली तरी चार शब्द बोलता यावेत, यासाठी. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाच. एक कंपनी तो विकत घेणार होती आणि मला नोकरीही देणार होती.

अ‍ॅप बनवलं की त्याची ट्रायल घ्यावी लागते, अगदी तुमच्यासारखी. समोरच्याच्या हातात फोन द्यायचा आणि तो कुठे अडतो ते गुपचूप बघायचं. कोट शिवायला आलेले वाकड्या खांद्याचे ते शाळामास्तर आठवतात? ट्रायलला लाजून ताठ उभे राहिले आणि घरी गेल्यावर कोट ओढायला लागला. तेव्हापासून तुम्ही प्रत्येकाला "ताठ उभे राहू नका" म्हणत गप्पांत गुंतवायचात, आणि तो विसरला की हळूच खडूची खूण करायचात. मीही तेच केलं. कँटीनच्या चहाला यथेच्छ शिव्या घालून झाल्यावरच फोन पुढे करायचे.

आठ जणांपैकी सात जण सरसर पुढे गेले. आठवी मुलगी वनस्पतिशास्त्राची. बोटं चपळ, नजर त्याहून चपळ. एका पानावर मात्र थांबली. "तुमच्या ओळखीच्या तीन व्यक्ती आणि त्यांचे हुद्दे निवडा." ते भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. यादी तिने वर-खाली, वर-खाली केली. प्राध्यापक, संचालक, व्यवस्थापक, उद्योजक. तिची आई दवाखान्यात फरशी पुसते. ते यादीत नव्हतं. शेवटी तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "ताई, माझंच काहीतरी चुकतंय."

प्रकल्प बघणारे आमचे सर म्हणाले, "आठात सात म्हणजे उत्तम! ती जरा बुजरी आहे, तिला अहवालातून गाळ. आणि तुम्ही लोक सगळं मनाला फार लावून घेता." हे 'तुम्ही लोक' कोण, ते मी विचारलं नाही. मी एवढंच म्हणाले, "सर, कोट बसला नाही तर कोट उसवतात, माणूस नाही." ते हसले. मी नाही हसले.

आता जे तुमच्यासमोर बोलायचं धाडस झालं नसतं, ते. ती यादी सरांनी केलेली नव्हती. कंपनीनेही नाही. मी केली होती. बाकीच्या अ‍ॅपमध्ये असते तशी, डोळे मिटून. सगळ्यात आधी ती मीच भरून पाहिली. पहिलं नाव तुमचं घातलं. यादीत शिंपी नव्हता, म्हणून तुमच्यापुढे 'उद्योजक' निवडलं आणि पुढे गेले. तुमच्या दुकानात काज-बटण करत मोठी झालेली मी, आणि मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. बाबा, त्या मास्तरांसारखी मीच ताठ उभी राहिले होते.

आज सकाळी मी सरांना लेखी कळवलं. आठवी अहवालात राहील, तिच्या शब्दांसकट. ते पान मी काढून टाकलंय. तिथे आता एकच प्रश्न आहे, "तुम्हाला कोणाशी बोलायचं आहे?" सगळ्या ट्रायली नव्याने घ्यायच्या, म्हणजे पदवी सहा महिने पुढे. कंपनीला थांबायचं नाही, म्हणजे नोकरी गेली. रडले का? हो, थोडी. पस्तावले का? मुळीच नाही. घरातली पहिली पदवी खोट्या मापाची मला नकोय. तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगून बसलायत, म्हणून हे पत्र. चष्मेवाले काका विचारतील, "काय हो, पोरगी पास झाली की नाही?" तर मान खाली घालू नका. सांगा, एका पोरीला बसत नव्हता म्हणून तिने पुरा कोट उसवलाय आणि पुन्हा शिवायला घेतलाय. आणि त्यांनी विचारलं, हे कुठे शिकली, तर तेही सांगा.

तुमचीच,
काजबटण