तुळईखालचा दोरा

राजुरी, पौष वद्य, सन १९०७

प्रिय उत्तम,

तुझी भाची गोरी आहे, नाक आपल्या आईचं आहे, आणि आवाज तर अख्ख्या राजुरीला ऐकू जाईल असा. तेवढं तरी तिनं माझं घेतलं नाही, बरंच झालं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण परवापर्यंत सासऱ्यांपुढे मी अक्षर काढलेलं नव्हतं. आपल्यात रीतच आहे तशी, तुला काय सांगायचं!

बाळंतिणीची खोली दुकानामागे आहे. वर माळा, माळ्यावर बाजरीची पोती. भाव चढेपर्यंत सासरे ती विकणार नाहीत आणि सव्वा महिना होईपर्यंत सासूबाई मला उंबरा ओलांडू देणार नाहीत. दिवसभर उताणी पडून मी बघणार काय? वरची तुळई. ती मधोमध वाकलीय रे.

आठवतं, मंचरला ओढ्यावर आपण फळी टाकली होती? मी मधे उभी राहिले की वाकायची, उतरले की टुणकन सरळ व्हायची. मग तू, आगाऊ कुठला, तिच्यावर भलामोठा धोंडा ठेवून दिलास, आणि तो काढला तरी फळी वाकडीच राहिली. आई धपाटा घालायला आली तरी तुझं आपलं चालूच, की अक्के, किती वाकतं ते बघू नकोस, ओझं काढल्यावर परत येतं का ते बघ. आता साहेबाच्या हाताखाली पुलाच्या कामावर आहेस, तिथेही हेच सांगत असशील.

म्हणून माझी सुईण साळुबाई, तिला पाटावर पाट ठेवून चढवलं आणि तुळईच्या बोटभर खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताठ दोरा बांधून घेतला. सासूबाईंना सांगितलं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. त्या खूश! पण मधलं ते बोटभर अंतर कमीच होत गेलं. तुझ्या दाजींना सांगितलं तर म्हणाले, आजोबांनी घातलेला साग आहे, तुझ्या भावापेक्षा त्याला जास्त कळतं. मग सासऱ्यांच्या कानावर तरी घाला म्हटलं, तर काढता पाय घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

परवा तुळई दोऱ्याला टेकली. कडकन आवाज झाला आणि मुलीच्या तोंडावर माती पडली. मग मला रीतभात काही सुचेना. तिला उचललं आणि तशीच भर दुकानात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मामंजी, पोती उतरवा, तुळई जातेय. ते मागे वळून बघायला लागले, कोण बोललं म्हणून. माझा आवाजच त्यांना माहीत नव्हता, उत्तम. मला इतकं रडू आलं.

गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार? पोती उतरवली. साळुबाई म्हणाली, वैनी, लई ब्येस झालं बगा, सुटला तुमी. मी वर बघितलं. तुळई तशीच दोऱ्याला टेकलेली, केसभरही वर गेली नव्हती. सासरे तिच्याखाली उभे राहून म्हणाले, एवढं ओझं घेऊन मोडली का? याला म्हणतात साग! सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुकानात तोंड उघडलं म्हणून कालपासून खोलीला बाहेरून कडी आहे. साळुबाईला तेवढं आत सोडतात. हे पत्र तिच्या ओच्यातून बाहेर जाईल आणि तिचा नवरा भगवंत ते तुझ्या हातात देईल. त्यांना मला काय बोलायचं ते बोलू देत, पण माझ्या शब्दाला इथे किंमत नाही. तुझ्या आहे, तू पुरुष आहेस, सरकारी पुलावर काम करतोस. गाडी जुंपूनच ये, घटकाभरही थांबू नकोस. मुलीला मी दाराच्या चौकटीखाली निजवलंय आणि तिच्यावर ओणवी होऊन हे लिहितेय. सकाळपासून वर पुन्हा पोती चढवताहेत.

तुझीच, दाराकडे कान लावून बसलेली,
अक्का