मागच्या शिटवरचा वाघ

बनुबाई,

कुणाला पटणार न्हाई, पण भाचा आकाराम पलटणीतनं सुटून थेट मोटार घेऊनच आलाय! आमी दोघं मेढ्याच्या डोंगरात तंबू ठोकून दोन दिस ऱ्हाणार. तुझी नवी वाकळ आन् चटणीचा डबा घेतलाय. मोटारीत बसायची तुझी लय हौस, ठावं हाय मला. तुलाबी नेली असती, पण वाटेत एक वाघ दमून चढला, तो मागच्या शिटवर आडवा झोपलाय. त्याला उठवायचं कुणी?

आकाराम माझ्या खांद्यावरनं वाचून वरडला, “आवं मामा, कसला वाघ? शिट मोकळी हाय. गावासमोरनं मामीला मोटारीतनं न्यायची लाज वाटती, आसं लिवा की!”

धुणं ठेव, चांगलं लुगडं नेस. येशीपाशी थांबलोय.