तिसरा कप

प्रिय चिमणे,

तुझ्या बाबांपुढे मी हात टेकले आहेत. चाळीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलं, आता डॉक्टरांना शिकवतात. मूत्रपिंडं थकल्यापासून दिवसातून चारदा त्यांच्या पोटात नळीने साखरपाण्याची पिशवी सोडायची आणि काही तासांनी ते पाणी काढून घ्यायचं, हे तुला ठाऊकच आहे. पोटातल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते, आणि साखर अंगातलं जादा पाणी ओढून घेते. साखर जास्त, तर पाणीही जास्त. एवढं ज्ञान असल्यावर गप्प कोण बसतो? पाणी मोजून प्यायला सांगितलंय, तर हे चहावर चहा ढोसतात आणि वर केशरी टोपणाची, सगळ्यात कडक पिशवी लावतात. म्हणे, आत गेलेलं बाहेर ओढता येतं, तू घाबरू नकोस. उंटावरचे शहाणे!

परवा तपासणीत कळलं, पडदा थकत चाललाय. कडक साखरेचा मारा असाच चालला तर तो निकामी होईल, मग आठवड्यातून तीनदा इस्पितळात यंत्राला जोडून पडून राहायचं. डॉक्टरीणबाई जीव तोडून सांगत होत्या आणि हे त्यांच्या भिंतीवरच्या पेशीच्या चित्रातली चूक काढत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन रागारागाने वही उघडली. कुठली पिशवी कधी लावली, सगळं माझ्याच अक्षरात आहे. केशरी पिशव्या फक्त रविवारी.

रविवारी तुझं दुकान बंद असतं आणि तू मला तासभर फोन करतेस. फोन स्पीकरवर टाकून मी ओट्याशी उभी, हे टेबलाशी. एक कप संपला की दुसरा मागतात, मग तिसरा. कपात चहा आहे तोवर तिथे बसायला निमित्त असतं ना! डॉक्टरकी सोडून तू शिवणाचं दुकान टाकलंस तेव्हा ते नको ते बोलले, चुकलंच त्यांचं. त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तुम्हा दोघांचं बोलणं बंद. पण तू शिवलेल्या कोटाचं सांगायला लागलीस की त्यांचा चमचा ढवळायचा थांबतो.

हे फोनवर सांगू कशी? ऐकायला ते बसलेलेच. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी फोन मी घेणार नाही, त्यांच्या कपाशेजारी ठेवीन. आधी ते खोकतील, मग रागावतील. तू फोन ठेवू नकोस. मी एकच कप चहा करणार आहे.

वैतागलेली, तरी तुझीच,
आई