हिरव्या हायड्राची बरणी

मॅडम, तुमच्या हायड्रा माझ्या हातून मेल्या. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे मला तोंडाने म्हणता आलेलं नाही.

मी मंगळवेढ्याची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सोलापूरच्या कॉलेजात पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला, तेव्हा भिंगाखाली गोड्या पाण्यातला तो हिरवा, दोऱ्यासारखा जीव हात पसरून होता. तुम्ही खिडकीत दोन बरण्या ठेवलेल्या, एकीत हिरव्या हायड्रा, दुसरीत फिकट. दोन्हींचं खाणं बंद. फिकट आक्रसत चालल्या तशा मी गुपचूप त्यांच्यात पाण्यातले बारीक किडे सोडले. तुम्ही केवढ्या चिडलात! "मेंढरं आहेत का ती, चारा टाकायला?" मग माझा चेहरा बघून शेजारी बसलात. "हिरवीच्या अंगात शेवाळ राहतं. उजेडात ते साखर करतं आणि थोडी हिला देतं. म्हणून ती उपाशी तगते." मी विचारलं, "आन् शेवाळाला काय मिळतंय?" "आसरा. शिवाय हिने खाल्लेल्यातलं थोडंफार. पण उजेड हवा गं, नाहीतर दोघांचंही अवघड."

निवृत्त होताना ती हिरवी बरणी तुम्ही मला दिलीत. तुमच्या जागी शिकवताना नऊ वर्षं मी ती सांभाळली. तुम्ही आजारी होता त्या मे महिन्यात मी आईच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेले आणि इकडे प्रयोगशाळेचं रंगकाम काढलं. शिपाईमामा म्हणाले, "काच फुटंल म्हणून कपाटात ठिवली की ओ." तीन आठवडे, तो उकाडा, बंद कपाट. बरणीत नुसता गाळ होता. मामांना काय बोलणार? उजेडाचं सांगून जायला मीच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "हिरव्या कशा आहेत?" मी म्हटलं, "छान आहेत. अंगाला नवीन पिल्लं फुटतायत." तुम्ही डोळे मिटून हसलात. चार दिवसांनी गेलात.

आता वर्गात सहा मुली असतात. पुढच्या वर्षी प्राणिशास्त्र विषयच बंद होणार म्हणतात. त्या पडद्यावर हायड्रा बघतात आणि एखादी म्हणते, खरी दाखवा की मॅडम. मी सांगते, इथल्या तळ्यांत लई शोधल्या, आता मिळत नाहीत.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. मी तळ्यावर एकदाच गेले होते. काठावरची जलपर्णी बघितली आणि पाण्यात हातसुद्धा न घालता परत फिरले. सापडल्या असत्या तर पुन्हा सांभाळाव्या लागल्या असत्या.